पश्चिमेची भिंत आणि जमनाआयचा घास

बोईसर स्टेशनातून कारखान्यांच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला कामगारांच्या सोसायटीची बैठी घरं लागत. त्यांत कृष्णकांत तामोऱ्याचं घर शोधायला कुणाला कधी त्रास पडला नाही. "वो गोधडीवाला घर? बैठो," म्हणून रिक्षावाला पत्तासुद्धा पुरा ऐकून घ्यायचा नाही.

गोधडी अशी, की लाल विटांच्या उघड्या भिंतीवर मध्येच दाराएवढा गिलाव्याचा तुकडा, त्याला लागून दुसरा जरा ताजा, मग पुन्हा लाल वीट, मग खिडकीखाली एक इवलंसं ठिगळ. आजूबाजूची घरं गुलाबी-पिवळा रंग लावून वऱ्हाडात निघाल्यासारखी उभी, आणि मध्ये हे. नव्या माणसाला वाटायचं, गवंडी पैसे घेऊन पळाला. गवंडी कुठेही पळाला नव्हता. घराचं कर्ज जसजसं फिटेल तसतसा बाहेरून गिलावा चढवायचा, असा कृष्णकांतचा पण होता. महिन्याचा हप्ता काय, सगळेच भरत. पण हप्त्याच्या वर हजार रुपये साठले, ते पालघरला जाऊन भरले, की परतताना सिमेंट घ्यायचं, सायकलला बांधून आणायचं आणि सुट्टीच्या दिवशी एक तुकडा लिंपायचा. हजार नाही तर गिलावा नाही. त्यामुळे तामोऱ्याचं कर्ज किती उरलं हे त्याच्या बायकोच्या आधी सोसायटीला कळायचं, आणि तेही घरबसल्या.

कर्ज पंधरा वर्षांचं होतं. कृष्णकांतला ते निम्म्या वेळात संपवायचं होतं. त्याला एवढी कसली घाई, हे समजून घ्यायचं तर आधी शिरगावला जावं लागेल.

शिरगावच्या किल्ल्यापलीकडे, समुद्राला लागून तामोऱ्यांचं जुनं घर. तिथे कृष्णकांतची आई जमना राहायची. सगळा गाव तिला जमनाआय म्हणायचा आणि जरा लांबूनच म्हणायचा. तिच्या नवऱ्याने एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या पैशावर होडी बांधली होती. फेडता फेडता त्याचे केस पांढरे झाले. थोडंसंच उरलं होतं, आणि नेमकी त्या वर्षी मासळी रुसली. नारळी पौर्णिमेला गावाच्या होड्या गुलाल लावून पाण्यात उतरल्या, तेव्हा यांची होडी व्यापाऱ्याची माणसं वल्हवत घेऊन गेली. जमनाआय किनाऱ्यावर नारळ हातात धरून उभी होती. तो नारळ तिने समुद्राला दिला नाही. घरी आणला, फोडला आणि कालवणात घातला. अशी ती बाई.

म्हणून त्र्याऐंशी साली बोईसरच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा अख्खं शिरगाव टेम्पोत बसून आलं, जमनाआयही आली, पण उंबऱ्याशी येऊन थबकली.

"कागद कोनाकडं हायेत?" तिने विचारलं.

"कसले कागद, आय?"

"घराचे."

"ते कर्ज देणाऱ्यांकडे. पालघरला. सगळ्यांचेच असतात तिकडे."

"मंग घर त्यांचं."

"तसं नसतं गं. हप्ते भरतोय ना आपण."

"होडी पन आमी आपलीच म्हनायचो, पोरा."

एवढं बोलून ती बाहेरच्या पायरीवर बसली. आत भटजी मंत्र म्हणतायत, पंगत वाढली जातेय, आणि यजमानाची सख्खी आई बाहेर फडक्यातली भाकरी सोडून सुक्या बोंबलाबरोबर खातेय! पूजेच्या घरी बोंबलाचा वास. भटजींचा आवाज दोनदा घसरला. सून दमयंती पाण्याचा तांब्या घेऊन आली तर तिने तोंड फिरवलं. "ज्या दिशी घर तुमचं, त्या दिशी मी आत येन आन् पोटभर जेवन. तवर मला कोनी आग्रह करू नका," म्हणाली.

शेजारचा चिंतू, पालघरजवळच्या माहीमच्या पानवेलीच्या वाडीतला माणूस, कृष्णकांतच्याच कारखान्यात कामाला आणि त्याच्याच एवढ्या कर्जात. तो कानाशी येऊन म्हणाला, "तामोरे, कर्जवाले बरे रे. ते निदान आत येऊन बसतात."

सगळे हसले. कृष्णकांतही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लोक पांगल्यावर तो पायरीवर आईशेजारी बसला आणि म्हणाला, "पंधरा वर्सं नाय लावत मी. तुझ्या डोळ्यांदेखत कागद आणतो."

"आन," जमनाआय म्हणाली. "माजं वय साठीच्या पुढं हाय, तेवढं ध्यानात ठेव."

आता बोलायला काय जातं! पहिलं वर्ष कृष्णकांतने छाती फुगवून काढलं. घरात त्याने होडीचा कायदा लावला. मासेमारीत जी कमाई होते तिच्यात माणसांचे वाटे असतात तसा होडीचाही एक वाटा असतो, जाळ्याचाही असतो. होडीच्या वाट्याला कुणी हात लावत नाही. तसा पगारातून आधी घराचा वाटा निघायचा. उरलेल्यात दमयंतीने दोन पोरं, रॉकेल, शाळा आणि नवरा भागवायचा. दमयंती कोळ्याचीच पोर, तिला वाटे कळत होते. ती स्वतः आठवड्याच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन बसू लागली. तो पैसा मात्र तिचा. आमच्याकडे मासळी विकणाऱ्या बाईच्या कनवटीला हात घालायची छाती देवाचीसुद्धा होत नाही.

वर्ष सरलं तसा कृष्णकांत ऐटीत पालघरला गेला आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हणाला, "साहेब, किती कमी झालं?"

कारकुनाने पाहून सांगितलं. कृष्णकांतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"वर्षभर भरतोय ना मी?"

"भरताय की. पण आधी व्याज जातं. मुद्दलाला नंतर लागतं."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. अंगणात बसून बिनगिलाव्याच्या भिंतीकडे बघत राहिला. ओव्हरटाइम करून करून डोळे खोबणीत गेले, घरात टेबलफॅन नाही, वर्षभर मटण नाही, आणि दाखवायला काय, तर कारकुनाचा एक आकडा! समुद्रावर माणूस रात्रभर मरतो पण सकाळी टोपलीत मासळी तरी दिसते. इथे मेलेलं दिसतच नाही. दिसलं नाही तर हुरूप कुठून येणार? आणि तिथे, त्या भिंतीकडे बघता बघता, त्याला गिलाव्याची कल्पना सुचली.

कल्पना वाईट नव्हती. पहिला तुकडा त्याने दाराशेजारी लिंपला तेव्हा हात कमरेवर ठेवून तो इतका वेळ उभा राहिला, की दमयंतीने विचारलं, "आता आरती करायची काय त्येची?" जाणारे-येणारे थांबू लागले. चिंतूने रंगीत टीव्ही घेतला होता, पुढे स्कूटरही घेतली, तो रोज कामावर जाताना स्कूटर हळू करून विचारायचा, "काय तामोरे, या महिन्यात घराला पावडर नाही लावली?" बायका पाण्याच्या नळावर म्हणायच्या, "तामोऱ्यांचा समोरचा अर्धा फिटला." पालघरच्या संस्थेला ठाऊक नसेल एवढा हिशेब नळावर पक्का होता. कृष्णकांत वरवर चिडायचा, पण कुणी विचारलं नाही तर स्वतःच विषय काढायचा. "उजवीकडचा कोपरा बघितला का?"

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो भिंतींच्या क्रमात.

समोरची भिंत पहिली, कारण ती रस्त्यावरून दिसते. मग नळाच्या बाजूची, कारण तिथे बायका असतात. मग चिंतूच्या बाजूची, कारण तिथे चिंतू असतो. पश्चिमेची भिंत शेवटी, कारण तिच्यामागे नाला आणि नाल्यामागे कारखान्याचं कुंपण. तिथे बघायला म्हशीशिवाय कुणी नाही. आता या किनाऱ्यावर पाऊस कुठून येतो हे शेंबड्या पोरालाही विचारा. पश्चिमेकडून येतो आणि आडवा येतो.

रामा गवंड्याने त्याला पहिल्याच वर्षी सांगितलं. रामा डोंगराकडच्या गावचा, घराच्या विटा त्यानेच रचल्या होत्या. "दादा, बाकीचं राहू द्या. पावसाच्या अंगाला पैला हात मारा."

"भिजू दे रे," कृष्णकांत म्हणाला. "भिजेल तशी घट्ट होईल."

"काय घट्ट होईल?"

"भिंत. अरे, होडी चार महिने वाळूवर सुकते, फळ्यांच्या फटी उघड्या पडतात. पाण्यात लोटली की लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फटी आपोआप मिटतात. पहिल्या दिवशी गळते ती तिसऱ्या दिवशी कोरडी. पाण्याला घाबरला तो खलाशी कसला?"

रामाने विडी कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली. "दादा, ती फळी. ही वीट हाय."

"वीट पण पाणी पितेच ना?"

"पिते. पन पिऊन झोपते."

कृष्णकांतला वाटलं, डोंगराकडच्या माणसाला पाण्यातलं काय कळतंय! एवढंच नाही, तर पाऊस लागायच्या आधी तो नळाला पाइप लावून पश्चिमेची भिंत भिजवत बसायचा, जशी होडी पाण्यात घालायच्या आधी ओली करतात तशी. नळावरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन बघत राहायच्या. त्यांना प्यायला पाणी नाही आणि हा भिंतीला पाजतोय! सोसायटीत त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथं की पाचवं वर्ष आलं आणि कृष्णकांत आतून थकला. कारखान्यात काम मंदावलं, ओव्हरटाइम बंद झाला. हप्ता कसाबसा जायचा. वरचे हजार काही साठेनात. महिनेच्या महिने भिंतीवर नवीन ठिगळ नाही. आधी लोक विचारायचे, "तामोरे, काय झालं?" नंतर विचारेनासे झाले. चिंतूसुद्धा स्कूटर हळू करीना. माणसाला टोमणा सहन होतो. टोमणा बंद झालेला सहन होत नाही. शिरगावला गेलं की जमनाआय भाकरी थापता थापता विचारायची, "किती रायलं?" आणि हा म्हणायचा, "थोडं." थोडं, थोडं करत तिचे पुढचे दात गेले.

एका रविवारी सोसायटी उठून बघते तर तामोऱ्याच्या नळाकडच्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर चांगला भलामोठा ताजा गिलावा! नळावर आनंदीआनंद. चिंतूने येऊन पाठीत थाप मारली. कृष्णकांत कितीतरी दिवसांनी शीळ घालत कामावर गेला.

संध्याकाळी दमयंतीने चहाचा कप समोर आपटला. "हजार कवा भरले?"

"कसले हजार?"

"मला वेड्यात काढू नका. पालघरला गेलातच नाय तुमी या महिन्यात. गिलावा कुठून आला?"

कृष्णकांतने कप उचलला, ठेवला. "अगं, जरा हुरूप यावा म्हणून. पुढच्या महिन्यात भरूच की."

"म्हंजे खोटा गिलावा?"

"खोटा कसला? सिमेंटचाच आहे."

"काढा तो."

"वेडी आहेस का? सिमेंट वाया जाईल."

"जाऊ दे वाया. आख्ख्या सोसायटीला दाखवलंत तुमी. उद्या तुमच्या आयला काय दाखवनार, खोटे कागद? चार वर्सं एक पंखा नाय मागितला मी. तुमच्या भिंतीला जेवाला घातलं, आमी पानी पिऊन झोपलो. ते काय या रंगरंगोटीसाठी? काढा!"

पुढच्या रविवारी कृष्णकांत तामोरे भर सकाळी, छिन्नी-हातोडा घेऊन, स्वतःच्या घराचा स्वतः केलेला गिलावा स्वतः फोडत होता. नळावर अशी शांतता की हातोड्याचा आवाज स्टेशनपर्यंत जावा. चिंतूने आपल्या ओट्यावरून विचारलं, "अरे, हे काय, हप्ता परत मागितला का त्यांनी?" कृष्णकांतने मागे वळूनही पाहिलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर त्याच्या अंगात पुन्हा बळ आलं. रागाचं बळ. रात्रपाळीनंतर तो दुसऱ्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला जाऊ लागला. दमयंती भिवंडीहून आलेल्या व्यापाऱ्याला घाऊक बोंबील देऊ लागली आणि आपल्या कनवटीतून, कुणी न मागता, अधूनमधून घराच्या वाट्यात टाकू लागली. टाकताना एवढं बोलायची की त्या बोलण्याचंही व्याज व्हावं. ठिगळं पुन्हा चढू लागली. समोर झालं, उत्तर झाली, चिंतूची बाजू झाली.

आणि पश्चिम? पश्चिमेची भिंत दरवर्षी पाणी पीत होती आणि झोपत होती. आतल्या बाजूने ओल आली, मग बुरशी आली, मग दमयंतीच्या लग्नातल्या साड्यांच्या पेटीत काळे ठिपके आले. कृष्णकांत हाताने भिंत चाचपून म्हणायचा, "मिटेल. आणखी एक पावसाळा." एक्क्याण्णव सालच्या पावसात भिंतीने पोट काढलं. आठव्या महिन्यातल्या बाईसारखं. रामा गवंड्याने येऊन तिला खालून वरून पाहिलं आणि हात जोडले.

"दादा, ही उतरवाय लागंल. पार खालपासून."

"किती लागतील?"

रामाने आकडा सांगितला. नेमका तेवढाच आकडा कृष्णकांतकडे होता. कर्जाची शेवटची रक्कम, पत्र्याच्या डब्यात, साठवून तयार. ती भरली की कागद हातात. भिंतीला लावली तर कागद आणखी दोन वर्षं लांब.

आणि शिरगावहून निरोप आला होता की जमनाआय अंथरुणावरून उठते पण चालताना भिंत धरते.

"भिंत बांधा," दमयंती म्हणाली. तिलाच ते बोलताना जड गेलं.

"आणि आय?"

दमयंती उठली. पोट सुटलेल्या भिंतीपासून पोरांची अंथरुणं उचलून तिने दुसऱ्या खोलीत नेली. तेच तिचं उत्तर होतं. दुसऱ्या दिवशी कृष्णकांत डबा घेऊन पालघरला गेला.

खिडकीत आता दुसरा कारकून होता. त्याने पैसे पाहिले, चष्मा वर केला. "सगळं भरताय? मुदतीच्या आत?"

"हो," कृष्णकांत म्हणाला. आठ वर्षं तो या क्षणाची तालीम करत होता. त्याला वाटलं, निदान हा माणूस उठून हात तरी मिळवील.

"मग मुदतीआधी फेडल्याची आकारणी लागेल."

"कसली?"

"आकारणी. नियम आहे. आमचं पुढचं व्याज बुडतं ना तुमच्यामुळे."

"म्हणजे लवकर फेडलं म्हणून दंड?"

"दंड म्हणत नाहीत त्याला."

"मग काय म्हणतात?"

"आकारणी."

कृष्णकांतला खिडकीचे गज धरून ती उपटावीशी वाटली. उशीर केला तर दंड, वेळेत दिलं तर व्याज, आधी दिलं तर आकारणी! मग माणसाने द्यायचं तरी कधी? मेल्यावर? डबा तसाच काखेत मारून तो परत आला. दमयंतीने सगळं ऐकून घेतलं, त्या कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कनवटीची गाठ सोडली. गाठ सोडताना म्हणाली, "हे मी देते ते घराला न्हाय. त्या म्हातारीला."

कागद आले. नारळी पौर्णिमेच्या आधीचा आठवडा होता. कृष्णकांतने शिरगावला निरोप धाडला, की पुनवेला न्यायला येतो, रिक्षा करून. सगळ्या सोसायटीला सांगून झालं. चिंतू म्हणाला, "तामोरे, मला अजून सात वर्षं आहेत. पण मी टीव्ही बघत फेडणार." कृष्णकांत हसला. खरोखरचा हसला, वास्तुशांतीनंतर पहिल्यांदा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता, ऊनसुद्धा पडलं होतं. दमयंती अंगणात पापलेटं साफ करत होती, पोरं शाळेत. तेव्हा पश्चिमेची भिंत बसली. पडली म्हणण्याइतका आवाजही झाला नाही. थकलेली बाई जशी टोपली उतरवून बसते तशी ती नाल्याच्या बाजूला बसली, आणि छपराची एक बाजू तिच्यामागे वाकून बघत राहिली. रामा आणि चिंतू धावत आले, छपराला बल्ल्यांचा टेकू दिला. कृष्णकांत कामावरून आला तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरातून थेट कारखान्याचं कुंपण दिसत होतं आणि कुंपणाजवळची म्हैस आत बघत होती.

तो विटांच्या ढिगावर बसला. आठ वर्षं! पंखा नाही, मटण नाही, रात्रपाळ्या, दुसऱ्याच्या मशिनी, खिडकीतले कारकून. आणि कागद हातात आल्यावर घराला भिंती तीन. त्याने एक वीट उचलली. ती हातात चिखलासारखी सुटली. "मिटली नाही," तो म्हणाला. रामा जवळच टेकूच्या बल्ल्या ठोकत होता.

"आयला उद्या येऊ नको म्हणून सांगतो," कृष्णकांत दमयंतीला म्हणाला. "भिंत बांधली की मग बोलावू."

"भिंत कशानं बांधाल?" दमयंती म्हणाली. "पैसे हायेत?"

पैसे नव्हते. पुन्हा कर्ज काढावं लागणार होतं. पुन्हा कर्ज म्हणजे पुन्हा कागद पालघरला. घर जितके दिवस तीन भिंतींचं, तितकेच दिवस ते त्याचं. हे दोघांनाही एकदमच कळलं.

"उद्याच आना त्यांना," दमयंती म्हणाली.

जमनाआय रिक्षातून उतरली तेव्हा सोसायटी दारोदारी उभी होती. पुढचे दात नाहीत, कमरेत वाकलेली, पण लुगडं नवं. दारापाशी कृष्णकांतने कागद तिच्या हातात दिले. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते उलटसुलट करून पाहिले, वास घेतला आणि सुनेकडे दिले. उंबरा ओलांडला, आत आली, आणि समोर भिंतीच्या जागी आकाश दिसलं.

 कृष्णकांतने मान खाली घातली.

"ही कोनाची करनी?" जमनाआयने विचारलं.

"माझी," कृष्णकांत म्हणाला. "भिजली की फुगून घट्ट होईल वाटलं. होडीसारखी."

 जमनाआयच्या बोळक्या तोंडातून असं हसू फुटलं की ती खांब धरून खालीच बसली. "माजा घो पन असाच व्हता," डोळे पुसत ती म्हणाली. "बोलाय गेलं तर समुद्राला अक्कल शिकवायचा. वाढ गं पोरी."

आठ वर्षं कृष्णकांतने हा घास मनात पाहिला होता. आई पहिला घास घेईल, डोळे मिटेल, काहीतरी म्हणेल. जमनाआयने घास घेतला, चावता येत नाही म्हणून बराच वेळ घोळवला आणि म्हणाली, "पापलेट बरफातलं हाय. बोईसरला ताजं भेटत नाय काय?" मग सगळं ताट पुसून खाल्लं, वर आणखी भात मागितला. बाहेर म्हैस उभी होती, ती केळ्याचं सालपट फेकून हाकलली. एवढाच सोहळा.

ती दोन दिवसांसाठी आली होती. चौथ्या दिवशीही ती होती. उघड्या बाजूला ताडपत्री बांधली होती. तिच्यावर पावसाचा मारा सुरू झाला की जमनाआय खलाशासारखी ओरडून सगळ्यांना दोऱ्या आवळायला लावायची. शिरगावला परत जायची गोष्ट काढली की तिला ऐकू कमी यायचं.

पुढच्या आठवड्यात कृष्णकांतने धुतलेला शर्ट घातला आणि कागद पिशवीत घातले. दारात जमनाआय सुकट निवडत बसली होती. तो घुटमळला.

"आय, मी जरा पालघरला..."

"कुटं चाललास ते मला सांगू नको," ती सुकटीतला खडा बाजूला टाकत म्हणाली. "मी काय इचारलं तुला?"

"पण आय, कागद..."

"बहिरा हायेस काय? सांगू नको म्हनलं ना. येताना मला तंबाखू आन."

 तिच्या पायांवरून हळूच पलीकडे पाऊल टाकून कृष्णकांत अंगणात उतरला. रस्त्यावर चिंतू स्कूटर पुसत होता. त्याने पिशवी पाहिली, काय ते ओळखलं, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून ठेवलं. पण आतून दमयंती ताडपत्री बाजूला सारून, भिंत नसलेल्या घरातून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"अवो! ऐकताय काय? या वेळेला पंधरा वर्सं म्हंजे पंधरा वर्सं! एक दिस जरी आधी फेडलंत ना, तर या घरात तुमालाच जेवाय नाय घालनार!"